जोधाच्या गडावर पाणी शोधताना

बाबा चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात होते. त्याचा परिणाम असा की कुठल्याही गडावर गेलं की त्यांना बुरूज दिसत नाहीत, टाकी दिसतात. राजगडावर आम्ही सगळे बालेकिल्ला चढून उतरलो तरी ते पद्मावती तळ्याच्या काठावरून हललेले नव्हते. सिंहगडावर पिठलं-भाकरीच्या आधी देवटाक्याचं पाणी प्यायचं, हा घरचा नियम. यंदा त्र्याहत्तरावं लागलं, गुडघे बोलायला लागले, तेव्हा म्हणाले, "सह्याद्री पुष्कळ झाला. आता वाळवंटातला एखादा गड दाखव. तिथं पाण्याचं काय केलंय बघू."

म्हणून जोधपूर. राव जोधाने बांधलेला मेहरानगड.

दिवस पहिला

वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्सप्रेस. पोळीभाजी, दशम्या, लसणाची चटणी, आणि शेजारच्या मारवाडी काकूंनी आग्रहाने दिलेले मेथीचे खाखरे. अबू रोडला रात्री गाडी थांबली की डबाभर रबडीचा घमघमाट सुटतो हे ऐकून होते. खोटं नाही. एका कुल्हडात दोघांचं भागलं.

पहाटे अंधारातच गाडी एका स्टेशनात उभी राहिली. बाबांनी खिडकीतून पाटी वाचली आणि मला हलवून उठवलं. "अगं, पाली आलं."

पाली मारवाड. आमचं आजोळ सुधागडच्या पायथ्याच्या पालीचं, त्यामुळे हा विनोद त्यांना दिवसभर पुरला. पण या दोन पालींमधून एक खरा धागाही गेलेला आहे. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर याला घेऊन दुर्गादास राठोड १६८१ मध्ये मारवाडातून थेट दक्षिणेत उतरला आणि संभाजीराजांच्या आश्रयाला आला. त्यांची भेट झाली ती आमच्या पालीच्या परिसरात, सुधागडाखाली. मोगलांच्या पाठलागात, मधली ठाणी चुकवत, घोड्यावरून. आम्ही त्याच मुलखातून पांघरूण घेऊन झोपून आलो.

दिवस दुसरा

हॉटेलचं नाव सांगत नाही. फोटोत जी 'गच्चीवरून गडाचं दर्शन' देणारी खोली होती, ती प्रत्यक्षात तिसऱ्या मजल्यावर निघाली, आणि जिना असा की पायऱ्या मोजायच्या नाहीत, चढायच्या. बाबा मधल्या चौथऱ्यावर टेकले आणि म्हणाले, "हा गड झाला. आता दुसरा दाखव."

गड आज नाहीच, असं मी ठरवलं होतं. जोधाची गोष्ट जोधपुरात सुरू होत नाही, मंडोरला सुरू होते. गावाच्या उत्तरेला नऊ किलोमीटर. रिक्षावाला म्हातारा होता, लाल पागोटं, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'सा'. बाबांना 'बाऊजी सा' म्हणायला लागल्यावर बाबा एकदम ताठ बसले.

मंडोर आधी प्रतिहार राजांचं. चौदाव्या शतकाच्या अखेरीस राठोडांच्या राव चूंडाला ते लग्नात मिळालं, चक्क हुंड्यात. आज तिथं बाग आहे, सहली आहेत, आणि हातातलं काहीही हिसकावून नेणारी लंगुरं आहेत. बागेत राठोड राजांच्या स्मारकांची रांग लागते. तिकडे त्यांना 'देवळ' म्हणतात आणि ती दिसतातही देवळासारखीच: लाल दगड, उंच शिखर, आत मूर्ती मात्र नाही. अजितसिंहाचं सगळ्यांत मोठं. बाबांनी पायऱ्यांच्या दगडांचे सांधे बोटाने चाचपून पाहिले आणि नुसती मान हलवली. ही त्यांची पसंतीची पावती.

जुना किल्ला बागेच्या मागच्या टेकडीवर आहे. आहे म्हणजे होता. आता चौथरे, पडके तट आणि बाभळी. तिथल्या एका सपाट दगडावर बसून मी बाबांना जोधाची गोष्ट सांगितली.

जोधाचे वडील राव रणमल. रणमलची बहीण हंसाबाई मेवाडच्या राणा लाखाला दिलेली. राणा गेला, पुढे तिचा मुलगा मोकल मारला गेला आणि नातू कुंभा लहान. तेव्हा रणमल चितोडला जाऊन बसला आणि बसता बसता सगळा कारभारच त्याच्या हातात गेला. सोयऱ्याने घर चालवायला यावं आणि घरच गिळावं, अशी भीती मेवाडच्या सरदारांना वाटली. १४३८ मध्ये चितोडगडावरच रणमलला मारलं. दारूत धुंद असताना त्याच्याच पागोट्याने त्याला खाटेला बांधलं होतं, आणि तरी तो खाटेसकट उठून लढला, असं सांगतात. जोधा गडाखाली होता. तटावरच्या वाजंत्र्याने दोह्यातून त्याला खबर दिली: जोधा, पळता येईल तर पळ, तुझा रणमल मेला. जोधा सातशे स्वारांनिशी निघाला आणि मारवाडात पोचेतो सात उरले, हेही सांगण्यातलंच. आकडे ओवीला बसतात म्हणून असे असतात. पण मंडोर गेलं, हे खरं. मेवाडचं ठाणं तिथं बसलं आणि जोधा आजच्या बिकानेरजवळच्या काहुनी नावाच्या खेड्यात, वाळूत जाऊन राहिला.

पंधरा वर्षं.

त्या पंधरा वर्षांत त्याने मंडोरवर कितीदा तरी हल्ले केले आणि दर वेळी मार खाल्ला. मग एका रात्री तो ओळख न देता एका जाटाच्या घरी उतरला. घरधनिणीने ताटात गरम खिचडी वाढली. भुकेल्या जोधाने मधोमध हात घातला आणि बोटं भाजली. बाई म्हणाली, "तू पण त्या जोधासारखाच दिसतोस. कडेकडेने खायचं सोडून आधी मधेच हात..."

"थांब," बाबा म्हणाले. "ही शिवाजी महाराजांची गोष्ट आहे."

आहेच. आपल्याकडे म्हातारी असते, ताटात भात असतो, महाराज वेषांतर करून आलेले असतात. चंद्रगुप्त मौर्याच्या नावावरही हीच गोष्ट आहे. मला वाटतं, राजवाड्यातल्या माणसाला लढाईतलं कळत नाही ते चुलीपुढच्या बाईला कळतं, असं लोकांनी प्रत्येक मुलखात ठरवूनच टाकलंय. बाबांना मात्र हे पटलं नाही. "गोष्ट आपली आहे. खिचडी त्यांची असेल."

काही का असेना, जोधाने कडेची ठाणी एकेक करून घेतली आणि १४५३ मध्ये मंडोर परत मिळवलं. पुढे मेवाडशी तह झाला. त्यामागे वृद्ध हंसाबाईचीही खटपट होती. एकीकडे नातू, दुसरीकडे भाचा. या तहाची हद्द मला फार आवडते. नकाशा नाही, खांब नाहीत. जिथवर आंवळ उगवते तो मेवाड, जिथून बाभूळ लागते तो मारवाड. आंवळ म्हणजे आपला तरवड, पिवळ्या फुलांचा, सोलापूरकडे बांधाबांधावर दिसतो तो. पावसाने आखलेली सीमा. बाबा यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "खात्यात असता तर कमांड एरिया बरोबर काढला असता त्याने." कमांड एरिया म्हणजे एका पाटाचं पाणी पोचतं तेवढा मुलूख.

रात्री जेवायला केर-सांगरी, कढी आणि बाजरीचा सोगरा. सोगरा म्हणजे आपल्या भाकरीचा थोरला भाऊ, जाड, तुपाने थबथबलेला. त्या टेकडीवरून एक गोष्ट मनात राहिली होती. जे मंडोर मिळवायला पंधरा वर्षं घालवली, ते मिळाल्यावर सहाच वर्षांत या माणसाने सोडलं. का, ते उद्या गडाखाली उभं राहिल्यावर कळणार होतं.

दिवस तिसरा

आणि कळलं. मंडोरच्या टेकडीवर मी चपला घालून गप्पा मारत चढले होते. इथे मान मागे टाकावी लागते. गावापासून सुमारे चारशे फूट उंच कडा, आणि कडा कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो ते पहिल्या नजरेत सांगता येत नाही. रंग तोच. आपल्या काही गडांवर कातळ काळा आणि जांभा तांबडा, त्यामुळे बांधकाम वेगळं उठून दिसतं. इथे डोंगरानेच वर जाऊन खिडक्या काढल्यासारखं वाटतं.

गडावर लिफ्ट आहे. हे मी आधीच सांगते, कारण आमच्या वयाच्या लोकांना पहिली शंका तीच येते. मी तिकिटाच्या रांगेकडे वळले तर बाबा गायब. जयपोळ नावाच्या दरवाजातून आत शिरून चढ चढायलाही लागले होते. "उतरताना लिफ्टने," असं लांबूनच ओरडले.

जयपोळ महाराजा मानसिंहाची, एकोणिसाव्या शतकातली. पुढे डेढ कांगरा पोळ. तिच्याजवळच्या भिंतीवर जयपूरच्या तोफगोळ्यांचे वण आहेत, वर्तुळं करून दाखवलेले. फतेहपोळ १७०७ ची, औरंगजेब गेल्यावर अजितसिंहाने जोधपूर परत घेतलं त्याची. म्हणजे एवढं चढून आलो तरी जोधा अजून भेटलाच नव्हता.

तो भेटला एका अगदी साध्या जागी. 'राव जोधाजी का फळसा' अशी पाटी आहे. फळसा म्हणजे मारवाडात अंगणाच्या काटेरी कुंपणाचं फाटक, आपण कोकणात बेडं म्हणतो तसलं. जोधाच्या मूळ गडाची हद्द इथवर. भिंतीत समोरासमोर भोकं आहेत, त्यांत लाकडी वासे सरकवले की वाट बंद. बस्स. मी एका भोकात हात घातला तर कोपरापर्यंत गेला, आत दगड गुळगुळीत आणि गार. मागे सोन्याच्या मुलाम्याचे महाल आहेत, पण पंधरा वर्षं वाळूत काढून आलेल्या माणसाचं दार हे असं आहे, गुरांच्या वाड्याला शोभेल असं. त्या दिवसभरात मला याहून खरं काही दिसलं नाही.

पायाभरणी १२ मे १४५९ ची. "मेमध्ये? या मुलखात?" मी म्हटलं.

"पाया पावसाआधीच काढायचा असतो," बाबा.

टेकडीचं नाव तेव्हा चिडियाटूंक, पाखरांचा डोंगर. वर चिडियानाथ नावाचा एक साधू राहायचा, पाखरांना दाणे घालायचा. राजाला गडासाठी जागा हवी म्हणून त्याला उठायला सांगितलं. त्याने धुनीतले निखारे झोळीत घेतले आणि जाता जाता शाप दिला की तुझ्या गडाला पाणी पुरणार नाही. जोधाने मग त्याची समजूत काढायला त्याच्या जागी देऊळ आणि कुंड बांधलं.

शापावर उतारा म्हणून, गड अभंग राहावा म्हणून, पायात एक जिवंत माणूस पुरला. राजिया भांबी, आता राजाराम मेघवाल असं आदराने लिहितात. तो स्वतःहून पुढे आला असं परंपरा सांगते. मोबदल्यात त्याच्या घराण्याला जमीन दिली, तिला राजबाग म्हणतात. गडावर त्याच्या स्मरणाची शिळा आहे. गडाचा पहिला दगड देशनोकच्या करणीमातेने, म्हणजे लोक देवी मानत त्या साध्वीने, ठेवला, हे सगळे गाइड खणखणीत आवाजात सांगतात. राजियापाशी आले की बहुतेकांचा आवाज खाली येतो, किंवा एकदम 'बलिदान' असा मोठा शब्द येतो. मला या 'स्वतःहून'चा काही भरवसा वाटत नाही. राजा, साधूचा शाप, आणि गावकुसाबाहेरचा माणूस. विचारणारा कोण आणि नाही म्हणणारा कोण? आपल्याकडेही कित्येक बुरुजांखाली अशा गोष्टी आहेत. फरक एवढाच की इथे नाव टिकलंय.

बाबा शिळेसमोर उभे राहिले. चप्पल काढली, नमस्कार केला, पुन्हा चप्पल घातली. बोलले काहीच नाहीत.

महालांबद्दल थोडक्यात: मोतीमहाल, फूलमहाल, शीशमहाल, तख्तविलास, सगळे जोधानंतरचे, सगळे देखणे, सगळीकडे गर्दी. लाल दगडाची जाळी इतकी बारीक की लाकूडकाम वाटतं. लोहापोळेवरचे सतींचे हातांचे ठसे मात्र गर्दीतही गप्प करतात. १८४३ मध्ये मानसिंह गेला तेव्हाच्या राण्यांचे. ठसे लहान आहेत. मुलींच्या हाताचे म्हणावेत इतके.

एका दालनात जोधपूरच्या महाराजा जसवंतसिंहाचं नाव निघालं आणि बाबा खुलले. शायिस्तेखानाची बोटं गेल्यावर १६६३-६४ मध्ये मोगलांच्या वतीने सिंहगडाला वेढा घालून बसलेला आणि हात हलवत परत गेलेला, तो हाच. याच जसवंतसिंहाची आणखी एक गोष्ट फ्रेंच प्रवासी बर्नियेने लिहून ठेवली आहे. १६५८ मध्ये धर्मतला औरंगजेबाकडून हरून तो परतला, तेव्हा त्याच्या राणीने गडाचे दरवाजे लावून घेतले. "म्हणजे घरच्या गडावरही प्रवेश नाही आणि आमच्याही नाही," बाबा तिथल्या पहारेकऱ्याला हिंदीत सांगत होते. तो हसला. "हुकम, सात पोळें हैं, कोई न कोई तो बंद मिलेगी."

दक्षिण टोकाला चामुंडेचं देऊळ. मंडोर सोडताना जोधाने १४६० मध्ये मूर्ती सोबत आणली. मुळात ती प्रतिहारांची कुलदेवी. १८५७ मध्ये गडावरच्या दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, त्यात जुनं देऊळ गेलं. आणि ३० सप्टेंबर २००८ ला, नवरात्राच्या पहिल्या पहाटे, या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन दोनशेहून अधिक माणसं गेली. बहुतेक तरुण मुलगे. वाट बघितली की पोटात कालवतं. उतार आहे, अरुंद आहे. आम्ही गेलो तेव्हा एक बाई नातवाला पायरी पायरी मोजायला शिकवत होती.

तटावर किलकिला, शंभूबाण अशा नावांच्या तोफा, आणि खाली ती प्रसिद्ध निळी घरं. सगळे तिकडे फोटो काढत होते. बाबा भलतीकडेच वाकून बघत होते. "ते बघ," म्हणाले. "सापडलं."

गडाच्या कुशीत, तटाच्या आत, हिरवट पाणी चमकत होतं.

उतरताना लिफ्टने आलो.

दिवस चौथा

सकाळी मिरचीवडा. अख्ख्या जाड मिरचीच्या पोटात बटाटेवड्याचं सारण, असं समजा. बाबांनी दोन खाल्ले आणि मग सरळ राणीसरकडे.

तर ते पाणी. गड सुरू झाला त्याच सुमारास जोधाची राणी जसमादे हाडी हिने गडाच्या पायथ्याशी हा तलाव बांधवला. राणीसर नाव तिच्यावरूनच. शेजारी पद्मसर आहे, तो नंतरचा. राणीसरचं पाणी रहाटांनी वर गडावर चढवत. म्हणजे राजा साधूच्या शापावर उतारा शोधत होता तेव्हा राणी पाणलोट शोधत होती. हे वाक्य माझं नाही, बाबांचं आहे. मी फक्त शुद्धलेखन तपासलं.

पाणी येतं कुठून, हे कळायला गडाच्या उत्तरेच्या खडकाळ माळावर जावं लागतं. तिथं आता राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, सुमारे सत्तर हेक्टरांचं. तिकीट काढून आत गेलं की एका घळीत उतरायला होतं, आणि ती घळ नाहीच: खडक फोडून काढलेला जुना पाट आहे, हाथी नहर. माळावरचं पावसाचं पाणी खालच्या तलावांकडे न्यायला. दोन्ही बाजूंना कातळ डोक्याच्या वर जातो. भिंतींवर छिन्नीच्या तिरक्या रेघा अजून स्पष्ट आहेत, ओल्या मातीवर बोटं ओढावीत तशा. बाबा तिथे अडीच तास होते. तळाचा उतार बघायला त्यांनी बाटलीतलं पाणी ओतलं. धार आधी घुटमळली, मग सावकाश खालच्या अंगाला निघाली. "अजून चालतंय," ते म्हणाले, जणू त्यांनीच काढलं होतं.

हा खडक म्हणजे ज्वालामुखीचा रायोलाइट, सुमारे ७५ कोटी वर्षांचा. आपला सह्याद्रीचा बसाल्ट साडेसहा कोटींच्या आसपास, म्हणजे यांच्यापुढे शेंबडं पोर. या कातळावर वेडी बाभूळ माजली होती, तिकडे तिला बावळिया म्हणतात. २००६ पासून ती मुळासकट काढून थोर आणि इतर मूळची वाळवंटी झाडं परत लावली. २०११ मध्ये बाग लोकांना खुली झाली. बावळियाची मुळं खडकाच्या भेगांत घुसलेली, वरून तोडली की पुन्हा फुटायची. शेवटी पिढ्यानपिढ्या खाणीत काम करणारे खांडवालिये बोलावले. ते हातोडीने खडकावर टकटक करून आवाजावरून कुठे भेग आहे ते ओळखायचे आणि तिथेच छिन्नी लावायचे. तिथल्या वाटाड्याने हे करून दाखवलं. एका जागी टण, वीतभर पलीकडे ठप. मला दोन्ही सारखेच वाटले. बाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि तिसऱ्या जागी बरोबर सांगितलं.

जसवंत थडा हे राजाचं स्मारक जवळच आहे, पांढरं, नाजूक. बघितलं. तूरजी का झालरा संध्याकाळी बघितला, अठराव्या शतकातली पायऱ्यांची सुरेख विहीर, राणीनेच बांधलेली. इथेही.

मग घंटाघरामागच्या बाजारात मोजड्या घ्यायला एका दुकानात शिरलो. मालक आग्रही, चहा मागवलेला, आणि पायाखालून कसला तरी घरघर आवाज येत होता. दाराशी एक जाड पाइप होता, त्यातून स्वच्छ पाणी गटारात पडत होतं. मी विचारलं, टाकी भरून वाहतेय का?

"ना सा. तळघर रिकामं करतोय."

नव्वदीच्या दशकात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी उपसा योजनेने जोधपूरला आलं. हिमालयातलं पाणी. नळ आले तशा गावातल्या जुन्या विहिरी, बावड्या कुणी उपसेनात, आणि जमिनीखालचं पाणी वर चढत चढत घरांच्या तळघरांत शिरलं. जुन्या गावातल्या कित्येक तळघरांत आता पंप लावावे लागतात. चिडियानाथाचा शाप म्हणे असा फिरला, दुकानदार म्हणाला, आणि मोजड्यांची किंमत सांगितली.

बाबा मोजड्या सोडून उठले होते. दाराशी उकिडवे बसून त्यांनी पाइपाच्या तोंडाखाली ओंजळ धरली, वास घेतला, पाणी सांडून हात झटकले. मग आत वळून विचारलं, "मोटर किती एचपीची?"